रसायन खरे, ‘असमतोल’ खोटा

आमच्या शुभंकर गटाच्या गेल्या बैठकीत एक निवृत्त शिक्षक उठून उभे राहिले. त्यांच्या मुलाला अकरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. खिशातून घडी घातलेला कागद काढून ते म्हणाले, ‘मेंदूतल्या रसायनांचा सिद्धान्त शास्त्रज्ञांनीच खोटा ठरवलाय, असं यात लिहिलंय. मग इतकी वर्षं आम्ही पोराला काय खायला घालत होतो?’ त्यांचा आवाज कापत होता. पलीकडच्या एका ताईंनी लगेच उत्तर दिले, ‘काका, आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, हे डायबेटिससारखंच असतं. तिथे इन्सुलिन कमी पडतं, इथे डोपामिन जास्त होतं. गोळी द्यायची, बाकी विचार करायचा नाही.’ पुढचा अर्धा तास खोलीत सरळ दोन तट पडले. आजार असलेल्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची आमच्याकडे रीत आहे. मी एका शुभार्थीची थोरली बहीण आहे, त्यामुळे या वादात मला बाजूला बसून राहता येत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगते. काकांच्या हातातला कागद आणि ताईंच्या डॉक्टरांचे वाक्य, दोन्ही एकाच चुकीवर उभी आहेत. स्किझोफ्रेनियाच्या भासभ्रमांत डोपामिनचा, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या एका रसायनाचा, हात आहे, हे मेंदूविज्ञानाने साठ-सत्तर वर्षांच्या खटाटोपातून मिळवलेले ज्ञान आहे. ‘रसायनांचा असमतोल’ हे त्या ज्ञानाचे दवाखान्यातल्या दहा मिनिटांत सांगता यावे म्हणून केलेले सोपे रूप आहे. ते रूप मोडले म्हणून ज्ञान मोडत नाही, आणि ज्ञान टिकले म्हणून ते रूप खरे ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या न केल्यामुळे घराघरांत गोळ्या बंद होतात किंवा डोळे मिटून वाढवल्या जातात, आणि दोन्हीकडे भोगतो तो आजारी माणूस.

काकांचा कागद मी नंतर मागून घेतला. त्याचे मूळ २०२२च्या जुलैमधल्या एका शोधनिबंधात आहे. लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासून लिहिले, की सेरोटोनिन हे मेंदूतले दुसरे निरोप्या रसायन कमी झाल्याने नैराश्य येते याला सुसंगत पुरावा मिळत नाही. त्यावर जगभर चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण तो निबंध सेरोटोनिनवर आणि नैराश्यावर होता. डोपामिन वेगळे, स्किझोफ्रेनिया वेगळा. हातोहात फिरताना ‘सेरोटोनिन’ गळले, ‘नैराश्य’ गळले, उरले एवढेच की रसायनांचे सगळे थोतांड आहे. कावीळ आणि मूतखडा यांची कारणे एकच मानण्याइतकी ही गल्लत मोठी आहे.

डोपामिनची कहाणी मुळात कुठून सुरू झाली, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. ती सर्पगंधेपासून सुरू होते. बिहारमध्ये या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात तिच्या रक्तदाबावरील गुणाचा अभ्यास छापला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेझरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि दोनच वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड स्टेट हॉस्पिटलात नेथन क्लाइन ते मनोरुग्णांना दिल्याचा अनुभव मांडत होते. १९५७चे लास्कर हे वैद्यक संशोधनाचे मानाचे पारितोषिक वकील आणि क्लाइन यांना एकाच वर्षी मिळाले. ‘ही सगळी पाश्चात्त्य कंपन्यांची केमिकलं’ असे म्हणणाऱ्यांनी आणि ‘मुळी चालेल, केमिकल नको’ म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. मुळी काम करते ती तिच्यातल्या रेणूमुळेच. तो रेणू मेंदूच्या पेशींतले निरोप्या रसायनांचे साठे रिकामे करतो, आणि ते करताना तो बाटलीतून आला की जंगलातून, हे मेंदूला कळत नाही. (सर्पगंधेची पूड घरी देण्याचा सल्ला मी चुकूनही देत नाही. रेझरपिनने रक्तदाब खाली जातो, मन खचू शकते, आणि या आजारात त्याहून बरी औषधे केव्हाच आली आहेत.)

याच रेझरपिनने स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या अर्विद कार्लसन यांना वाट दाखवली. कार्लसन अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत काही महिने राहून आले होते. रेझरपिनने मेंदूतले सेरोटोनिन नाहीसे होते, हे त्या प्रयोगशाळेने दाखवले होते. कार्लसन यांना वाटले, आणखीही काही नाहीसे होत असेल. त्यांनी सशांना रेझरपिन दिले. ससे कान पाडून, जागचे न हलता बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा हे डोपामिनच्या आधीच्या पायरीवरचे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात कान ताठ झाले आणि ससे हिंडू लागले. हा प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी त्यांच्या गटाने मेंदूत डोपामिन स्वतंत्रपणे असते हे मोजून दाखवले, आणि लवकरच स्पष्ट झाले की ते विशेषेकरून हालचाल सांभाळणाऱ्या खोल भागांत साठलेले असते. तोवर डोपामिन म्हणजे नॉरअॅड्रेनलिन हे दुसरे निरोप्या द्रव्य तयार होतानाची एक पायरी, यापलीकडे त्याला कोणी मोजत नव्हते. १९६०च्या मार्चमध्ये लंडनला भरलेल्या परिषदेत सर हेन्री डेल यांच्यासारख्या दिग्गजांनी कार्लसन यांचे म्हणणे मानले नाही. चाळीस वर्षांनी, २००० साली, त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळाले.

स्किझोफ्रेनियाशी या कामाची गाठ १९६३ मध्ये पडली. पॅरिसच्या सेंट-अॅन रुग्णालयात झां दले आणि पिएर दनिकेर यांनी १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरायला सुरुवात केली होती. वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसून राहिलेली, आवाजांशी भांडणारी माणसे बोलायला लागली होती. का, ते कोणालाच सांगता येत नव्हते. कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी हे औषध दिलेल्या उंदरांच्या मेंदूत पाहिले, तर डोपामिन घटलेले नव्हते. उलट त्याच्या वापरानंतर उरणारी द्रव्ये वाढली होती. त्यांनी तर्क केला की औषध रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा, अडवत असावे. निरोप पोहोचत नाही असे पाहून पेशी अधिकच निरोप पाठवत राहते. हा तर्क त्या वेळी धाडसाचा होता. बारा वर्षांनी टोरांटोत फिलिप सीमन यांनी आणि लगोलग बाल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने तो मोजमापाने पक्का केला. जे औषध डोपामिनच्या रिसेप्टरला जितके घट्ट चिकटते, तितका त्याचा डोस कमी लागतो. डझनावारी औषधे, रचना निरनिराळ्या, पण आलेखावर सगळी एका रेषेत. दुसरीकडून येणारा पुरावाही होता. लंडनचे फिलिप कॉनेल यांनी १९५८ साली अँफेटॅमिन या उत्तेजक द्रव्याने झालेल्या ४२ रुग्णांच्या वेडाचे वर्णन केले होते. मेंदूतले डोपामिन उसळवणारे हे द्रव्य माणसाला असे भ्रम देते की अनुभवी डॉक्टरही फसावा. अडवले की भ्रम ओसरतात, उसळवले की उठतात. याला कोणी योगायोग म्हणेल का?

इथपर्यंत पाय जमिनीवर आहेत. यानंतर उडी मारली गेली, आणि ती उडीच ताईंच्या डॉक्टरांच्या वाक्यात उतरली आहे. औषध डोपामिन अडवते, त्याने भ्रम कमी होतात, म्हणजे आजार जादा डोपामिनचाच. पाटाचे दार बंद केले की शेतात तुंबलेले पाणी ओसरते. म्हणून पाणी दारानेच आणले असे कोणी शेतकरी म्हणत नाही. पाऊस कुठे पडला, बांध कुठे फुटला, चर कुणी बुजवली, हे त्याला शोधावेच लागते. कार्लसन यांच्या प्रयोगांनी दार कोणते, ते दाखवले. तेवढेच दाखवले, आणि तेवढे फार मोठे होते.

शिवाय ‘असमतोल’ या शब्दात तराजू आहे, आणि मेंदूत तराजू नाही. १९९०च्या दशकात जिवंत माणसाच्या मेंदूत डोपामिनचा व्यवहार पाहता येऊ लागला. त्यात दिसले, की अनेक रुग्णांच्या मेंदूत स्ट्रायटम नावाच्या खोल भागात डोपामिनची निर्मिती आणि सुटका वाढलेली असते. कपाळामागच्या भागात मात्र ती उलट कमी असल्याच्या खुणा मिळाल्या. एकाच डोक्यात एका वाटेला जास्त आणि दुसऱ्या वाटेला कमी. मग कोणत्या पारड्यात काय टाकणार? भारतात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ साली मांडलेली कल्पना मला माझ्या भावाकडे पाहताना सर्वांत खरी वाटते. डोपामिन एखाद्या गोष्टीवर ‘हे महत्त्वाचे’ असा शिक्का मारते. तो शिक्का भलत्या वेळी उठू लागला, तर रस्त्यावरचा हॉर्न, शेजाऱ्याचा खोकला, बातम्या देणाऱ्या बाईंच्या साडीचा रंग, सगळेच आपल्याला उद्देशून आहे असे वाटू लागते. भ्रम ही त्या वाटण्याला माणसाने दिलेली संगती असते. माझा भाऊ पहिल्या वेळी आजारी पडला तेव्हा सोसायटीच्या फाटकावरचे गाड्यांचे नंबर लिहून ठेवायचा. त्याच्या वहीत एकही नंबर चुकलेला नव्हता.

आता विरोधी बाजूचे बळ मान्य करायला हवे, कारण ते खरोखर आहे. साधारण एकतृतीयांश रुग्णांना नेहमीच्या डोपामिनरोधक औषधांनी पुरेसा गुण येत नाही. ज्यांचे आवाज थांबतात त्यांच्याही बाबतीत मरगळ, माणसांतून उठून जाणे, काहीच करावेसे न वाटणे तसेच राहते, आणि घरच्यांना जास्त दमवते ते हेच. हट्टी आजारावर सर्वांत गुणकारी ठरलेले क्लोझापिन डोपामिनच्या रिसेप्टरला सैलच धरते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी क्लोझापिनने ३० टक्क्यांना गुण आला, क्लोरप्रोमाझिनने ४ टक्क्यांना. केवळ डोपामिनच सर्व काही असते तर हे आकडे असे आले नसते. भूल देणारे केटामिन आणि त्याचा भाऊबंद पीसीपी ही द्रव्ये ग्लुटामेट या वेगळ्याच निरोप्याचा एक रिसेप्टर अडवतात, आणि त्यांनी भ्रमांबरोबर ती मरगळही उमटते. आणि हे सगळ्यांत आधी ऐकून घेणाऱ्यांत स्वतः कार्लसन होते. १९९०च्या सुमारास त्यांनी आणि मारिया कार्लसन यांनी डोपामिन जवळपास संपवलेल्या उंदरांना ग्लुटामेट अडवणारे द्रव्य दिले, तर ते उंदीर हालचाल करू लागले. ज्या माणसाने डोपामिन हीच हालचालीची किल्ली असे जगाला पटवले, त्यानेच दुसरी किल्ली आहे हे छापले. सिद्धान्त शास्त्रज्ञांनीच ‘खोडून काढला’, असे काका म्हणत होते. खोडणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत तो मांडणारा बसलेला होता. खोडण्यातून तो मोठा होत गेला.

रसायनाच्या नावाने पूर्वी चुकीचे दावेही झाले. १९५०च्या दशकात न्यू ऑर्लीन्सचे रॉबर्ट हीथ यांनी रुग्णांच्या रक्तात ‘टॅराक्सिन’ नावाचे, आजार घडवणारे द्रव्य सापडल्याचे जाहीर केले. इतरांना ते सापडले नाही. १९६२ मध्ये रुग्णांच्या लघवीत एक गुलाबी ठिपका मिळाला आणि आजाराची खूण सापडली असे वाटले. तीही टिकली नाही. मग डोपामिनवर विश्वास का ठेवायचा? याच कारणासाठी. त्याच चाळणीतून ते गेले. औषधांचा आलेख, अँफेटॅमिन, मेंदूची चित्रे, प्रत्येक वेळी वेगळ्या हातांनी आणि वेगळ्या मार्गांनी तपासले गेले, आणि उरले.

दुष्परिणामांचा मुद्दा मी हलका करणार नाही. पोट सुटते, साखर वाढते, जबडा आणि जीभ आपोआप वळवळू लागते, एका जागी बसवत नाही. पूर्वी जोरदार डोस हीच उत्तम चिकित्सा असे मानणारा काळ होऊन गेला, आणि त्या काळात माणसांचे हाल झाले. पण तो अतिरेक थांबवायला मदत कोणी केली? रसायनानेच. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत आणि नंतर टोरांटोत मेंदूची चित्रे घेऊन मोजले गेले, तेव्हा कळले की साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडवले की गुण यायची शक्यता चांगली असते, आणि ८० टक्क्यांच्या जवळ गेले की ताठरपणा आणि थरथर सुरू होते. म्हणजे त्यापुढची प्रत्येक मिलिग्रॅम फक्त त्रास वाढवणारी. ‘डोस कमी करा’ हे म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार ज्या संशोधनात आहे, त्यालाच थोतांड म्हणून फेकायचे?

आणि गोळ्या थांबवण्याचे काय? इथे मॉन्क्रिफबाईंचेच काम पाहावे. डोस हळूहळू कमी केला तर माणसाचे रोजचे जगणे सुधारेल, अशा आशेने त्यांनी इंग्लंडमध्ये २५३ जणांवर चाचणी केली. २०२३ साली निष्कर्ष छापले. दोन वर्षांत, कमी करणाऱ्या गटात २५ टक्क्यांना आजार गंभीरपणे उलटला, चालू ठेवणाऱ्यांत १३ टक्क्यांना. जगण्यात फरक दिसला नाही. आपल्या आशेविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी लपवला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. त्यांचे नाव घेऊन गोळ्या कचऱ्यात टाकायला सांगणाऱ्यांनी हा निकालही वाचून दाखवावा. या चाचणीत डोस कमी करणाऱ्यांतही तीनचतुर्थांश लोकांचा आजार गंभीरपणे उलटला नाही, हेही मी तितक्याच मोठ्याने सांगेन. डोस कमी करण्याची इच्छा वेडगळ नाही. ती डॉक्टरांसमोर बोलता आली पाहिजे, आणि डॉक्टरांनी तिच्यासाठी वेळ काढला पाहिजे. आमच्या घरी एकदा ती इच्छा कोणी ऐकून घेतली नाही. मग भावाने गोळ्या गुपचूप कुंडीत पुरल्या, आणि सात आठवड्यांनी आम्ही त्याला रेल्वे स्टेशनवरून आणला.

‘मेंदूचा आजार’ म्हटल्याने कलंक कमी होईल, अशी अपेक्षा फोल ठरली, हेही कबूल. अमेरिकेत १९९६ आणि २००६ च्या पाहण्यांत असे दिसले, की दहा वर्षांत जैविक कारण मानणारे वाढले, पण अशा माणसाला शेजारी वा सहकारी म्हणून नाकारणारे घटले नाहीत. कदाचित ‘याचा मेंदूच बिघडला’ हे ऐकून लोक आणखी दूर सरकत असतील. पण रसायन बाजूला सारल्यावर त्या जागी काय येते, ते इतिहासाने दाखवले आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी मुलाला स्किझोफ्रेनिया देणाऱ्या आईची कल्पना मांडली, आणि पुढे दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांतल्या असंख्य आयांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे लागले की हे तुमच्यामुळे झाले. आपल्याकडे ते डॉक्टर न होताही सांगतात. ‘आईने लाडावून ठेवला’, ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’, ‘बाहेरचं काहीतरी आहे, देवऋषीला दाखवा’. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. माणसे साखळदंडाने बांधलेली होती. २८ जण गेले. त्यांच्या नातलगांना कोणी रसायनाचा सिद्धान्त विकला नव्हता.

कारण मग नेमके काय? माझी समजूत जलोदराच्या उदाहरणाने पक्की झाली. एके काळी पोटात पाणी होणे हाच एक रोग मानत. मग कळले की ते कधी यकृतामुळे होते, कधी हृदयामुळे, कधी मूत्रपिंडामुळे. लघवी वाढवणारे औषध अनेकांना आराम देते, कारण वेगवेगळ्या वाटा शेवटी पाणी साठण्यापाशी येऊन मिळतात. १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव वापरले, आणि पुढे ‘स्किझोफ्रेनियांचा समूह’ असे अनेकवचनच योजले. २०२२ मध्ये आजाराशी निगडित जनुकीय जागा मोजल्या तेव्हा त्या २८७ भरल्या. स्थलांतर, बालपणीचा छळ, कोवळ्या वयात गांजा यांनी धोका वाढतो, हेही दिसले आहे. या गोष्टी डोपामिनच्या विरोधात नाहीत. त्या पाऊस आणि फुटलेला बांध आहेत. पूर्वीच्या वेड्यांच्या इस्पितळांत उपदंशाने मेंदू पोखरलेले आणि पेलाग्रा या नायसिन जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने भ्रमिष्ट झालेले कितीतरी जण असत. कारण सापडले, पेनिसिलिन आणि नायसिन आले, आणि ते तिथून बाहेर पडले. स्किझोफ्रेनियातूनही असे गट वेगळे निघतील असे मला वाटते. तोवर दार धरायचे की नाही, हा प्रश्न ज्यांच्या घरात पाणी शिरले आहे त्यांनी ठरवायचा.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध डोपामिनचा रिसेप्टर अडवतच नाही. झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांची ती जोडगोळी आहे, आणि ती असिटिलकोलिन या आणखी एका निरोप्याच्या रिसेप्टरांवर काम करते. काकांच्या कागदाला हाच शेवटचा पुरावा वाटेल. पण त्या रिसेप्टरांतून निघणारा परिणाम स्ट्रायटममधली डोपामिनची सुटका मंद करतो, असे त्यामागचे संशोधन सांगते. दार तेच, हात घालायची जागा वरच्या अंगाला.

बैठक संपल्यावर मी काकांबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत गेले. मुलाला किती मिलिग्रॅम चालू आहे, ते त्यांना तोंडपाठ होते. त्या डोसला किती वर्षे झाली, साखर शेवटची कधी तपासली, क्लोझापिनचा विषय कधी निघाला का, कमी करून पाहता येईल का असे कोणी कधी विचारले का, यांतले काहीच झाले नव्हते. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही हे चार प्रश्न लिहिले. येत्या सोमवारी ओपीडीला ते तो कागद घेऊन जाणार आहेत, मुलाला बरोबर घेऊन.